ताळा

पोर्टचेस्टरला ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो
आणि रोमन तटाच्या सावलीत
एका बोटीचा सांगाडा कुशीवर निजलेला दिसतो.
दर शनिवारी मी इथे येते.
हिलरी प्रॅग्नेल ट्रे पुढे सरकवते:
मऊ ब्रश, बांबूची काडी, पाण्याची वाटी,
आणि मातीची नाणी, सुकलेल्या खारकांसारखी.
"तू हिशेबातली," ती म्हणते, "तुझी बोटं घाई करत नाहीत."

आज निघाला तो जाड मानेचा.
दाढी, किरणांचा मुकुट.
आरमाराचा सरदार, रोमला न विचारता
या बेटाचा परस्पर बादशहा झालेला.
सहा-सात वर्षं टिकला. मग त्याला मारलं
त्याच्याच खजिनदारानं.
पुस्तकात याला दीड ओळ आहे,
आणि कारण एका शब्दात: भीतीपोटी.

मला तेवढं पुरत नाही.
पावती कुठंय?

समुद्रापलीकडचं बंदर हातचं गेलं होतं म्हणे.
खलाशांचे पगार थकले असतील,
तांब्याला चांदीचा हात फिरवून
महिने ढकलले असतील,
आणि तो हात किती पातळ, हे राज्यात दोघांनाच ठाऊक.
एक गुपित, दोन माणसं.
ही बाकी पुढच्या पानावर ओढता येत नाही.

की एखाद्या पंगतीत बादशहा म्हणाला,
"आमचा कारकून बघा, कालवंसुद्धा मोजून खातो,"
आणि सगळे हसले, तोही हसला,
आणि रात्री दिव्याशी बसून
ते सगळं हसणं त्यानं बादशहाच्या नावे टाकलं.

की यातलं काहीच नाही.
मेणाची पाटी खरवडता खरवडता त्यानं वर पाहिलं
तेव्हा ती मान पाठमोरी होती,
आणि खरवडणी हातातच होती.

फेअरमच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
डेरेक स्टबिंग्टनची खुर्ची आता माझ्याकडे आहे.
सतरा पानांचा अहवाल मी लिहिला.
रस्तेदुरुस्तीची बिलं, मेहुण्याचं कंत्राट,
एकही आकडा खोटा नव्हता.
चौकशीत एका बाईनं चष्मा काढून विचारलं,
"चार वर्षं हे तुमच्यासमोर होतं. आत्ताच का?"
मी म्हणाले, कर्तव्य.
त्यांनी लिहून घेतलं. एक शब्द.

त्यात हे नव्हतं, की अकरा वर्षं
सुलक्षणा त्याच्या जिभेवर बसेना म्हणून
तो मला लक्स म्हणायचा, साबणासारखं,
आणि मीही "हो डेरेक" म्हणायचे.
हेही नव्हतं, की अप्पा गेले त्या रात्री
विमानाचं तिकीट त्यानंच काढलं होतं,
रात्री दोन वाजता, स्वतःच्या कार्डावर,
आणि ते पैसे कधी मागितले नाहीत.
मी दोनदा पाकीट पुढे केलं. दोनदा त्यानं हात झटकला.
आता हे कुठल्या बाजूला लिहू?
जमेला लिहिलं तरी ताळा जुळत नाही,
खर्चाला लिहिलं तरी.

परवा तो सुपरमार्केटात दिसला,
पावाच्या रांगेत, टोपी घातलेला.
मी भाजीच्या आडोशाला उभी राहिले,
कोथिंबिरीची एकेक जुडी उलटीपालटी करत.

"खजिनदाराचंही तसंच झालं," हिलरी थर्मासमधला चहा ओतते,
"तीन वर्षं. मग रोमची फौज उतरली.
प्रेत सापडलं तेव्हा अंगावर राजवस्त्र नव्हतं म्हणे.
पळताना त्यानंच फेकलं असेल."
"का?" मी विचारते.
"ओळखू नये म्हणून, दुसरं काय?"
ती सहज म्हणते, आणि बिस्किटाचा तुकडा चहात पडतो.

पुढच्या नाण्याची मागची बाजू आधी निघाली आहे:
शांतीदेवी उभी, हातात फांदी.
ती दोघांच्याही नाण्यांवर आहे,
मेलेल्याच्या आणि मारणाऱ्याच्या,
त्याच झग्यात, त्याच फांदीसकट.
"कुणाचं गं?" हिलरी वाकून बघते.
मी नाणं पालथं करत नाही.
"थांब," म्हणते, "अजून माती आहे."